फिल्टरची बाटली घ्यायची, पण कोणत्या पाण्यासाठी?

"ताई, नमस्कार. मी शिक्षिका आहे आणि दोन शाळांत शिकवते. पहिल्या शाळेत नळाच्या पाण्याला क्लोरीनचा इतका वास येतो की घोट घशाखाली उतरत नाही. दुसऱ्या शाळेत मी आठवड्यातले दोन दिवस जाते, तिथे बोअरचं पाणी आहे, मचूळ लागतं आणि भांड्याला पांढरा थर धरतो. सहा महिन्यांपूर्वी फिल्टर असलेली बाटली घेतली. सुरुवातीला पाणी छान लागायचं. मग ओढायला जड जाऊ लागलं, चव कुबट झाली. परवा तोंडाकडचा सिलिकॉनचा भाग उपसून काढला तर आत काळा, बुळबुळीत थर. तेच पाणी मी इतके दिवस पीत होते! आता मुलगा म्हणतो, ट्रेकला मलाही एक हवी, ओढ्याचं पाणी थेट पिता येईल. माझ्या वडिलांची केमोथेरपी सुरू आहे, त्यांना दवाखान्यात नेताना चांगल्यातली एक बाटली असावी असंही वाटतं. तुम्ही एकच खात्रीची बाटली सांगा, तिघांसाठी तीन घेऊन टाकते."

नमस्कार बाई,

शिकवणाऱ्या व्यक्तीला मला अजून अशीच हाक मारावीशी वाटते, तेव्हा चालवून घ्या.

तीन सारख्या बाटल्या घेऊ नका. तुमच्या पत्रात माणसं तीन आहेत, पण पाणी चार प्रकारचं आहे: शाळेच्या नळाचं, बोअरचं, ओढ्याचं आणि वडिलांना प्यायचं, आणि त्या चारही पाण्यांना पुरेल अशी एक बाटली मी आजवर पाहिलेली नाही. माझी बरीच वर्षं पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत गेली. तिथे लोक बाटली किंवा मशीन आधी घेऊन यायचे आणि पाण्याबद्दल नंतर विचारायचे. आपण उलटं करू.

पण सगळ्यात आधी वडिलांचं, कारण तिथे चूक परवडणार नाही.

केमोथेरपीत रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात. धडधाकट माणसाला दोन दिवस पोट बिघडवून जाणारा जंतू अशा वेळी माणसाला अंथरुणाला खिळवू शकतो. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक परजीवी आहे, आकाराने ४ ते ६ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्याचं कवच इतकं चिवट असतं की नळाच्या पाण्यातल्या नेहमीच्या क्लोरीनला तो दाद देत नाही. चांगल्या फिल्टरमध्ये तो अडकतो हे खरं. पण फिल्टरला बारीकशी चीर गेली, वॉशर नीट बसला नाही किंवा झाकणाच्या आट्यात न गाळलेल्या पाण्याचा थेंब राहिला, तर बाहेरून काहीच कळत नाही. पाणी तसंच स्वच्छ दिसतं. म्हणून वडिलांना फिल्टरची बाटली नकोच.

त्यांच्यासाठी पाणी उकळा. नुसते बुडबुडे दिसले म्हणजे उकळलं असं नाही. खळखळून उकळी फुटली की एक मिनिट तसंच राहू द्या. समुद्रसपाटीपासून २००० मीटरपेक्षा उंचावर राहत असाल तर तीन मिनिटं, कारण तिथे पाणी कमी तापमानाला उकळतं. मग त्याच भांड्यात, झाकून गार करा. दुसऱ्या भांड्यात ओतलं की त्या भांड्याची, हाताची, फडक्याची भर पडते. बाटली घ्या ती साधी, रुंद तोंडाची, स्टीलची, एक बाटली आणि एक झाकण एवढीच. स्ट्रॉ नको, बटण दाबून उघडणारं झाकण नको, तोंडात धरायची चोच नको. जितके सुटे भाग कमी, तितक्या मळ धरायच्या जागा कमी. रोज साबणाने आणि ब्रशने आतून घासा, झाकणातला वॉशर काढून घासा, उपडी ठेवून पूर्ण वाळवा. ती बाटली फक्त त्यांचीच. आणि गरम राखणारी दुहेरी भिंतीची बाटली असेल तर पाणी आधी पूर्ण गार करून मगच भरा. अशा बाटलीत अर्धवट कोमट पाणी तासन्‌तास कोमटच राहतं आणि जंतूंना तेच मानवतं. त्यांच्या डॉक्टरांनी पाण्याबद्दल याहून कडक काही सांगितलं असेल तर तेच पाळा.

आता तुमच्या बाटलीतला तो काळा थर.

तो वाचून मला तुमची किळस समजली. तुमच्याकडून काही फार निष्काळजीपणा झाला असंही मला वाटत नाही, कारण ही गोष्ट बाटली विकताना सहसा कुणी सांगत नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन मुद्दाम शिल्लक ठेवलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पाणी नळाशी पोचतं तेव्हा त्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असावा, म्हणजे वाटेत आणि भांड्यात जंतू वाढत नाहीत. तुमच्या बाटलीच्या फिल्टरमधला कार्बन, म्हणजे खास तयार केलेला कोळसा, पहिलं काम करतो ते हा क्लोरीन काढून टाकण्याचं. वास जातो, चव सुधारते, आणि पाण्याचा पहारेकरीही जातो. त्यापुढच्या नळीत आणि चोचीत पाणी बिनपहाऱ्याचं असतं. तिथे ओल कायम, अंधार कायम, आणि प्रत्येक घोटाबरोबर तोंडातली लाळ थोडी मागे येते. महिनोन्‌महिने ते तसंच राहिलं की जिवाणू आणि बुरशी मिळून तो बुळबुळीत थर धरतात. पोटाची काही तक्रार नसेल तर घाबरून जाऊ नका. असेल तर डॉक्टरांना दाखवा आणि हा थर सापडल्याचं आवर्जून सांगा.

तुम्ही दोन गोष्टी एकत्र लिहिल्या आहेत, पाणी ओढायला जड जाणं आणि चव कुबट होणं. त्या वेगळ्या आहेत. जड जातं तेव्हा फिल्टरची छिद्रं गाळाने बुजत आलेली असतात. चव बिघडते तेव्हा कार्बन संपलेला असतो किंवा आत काहीतरी वाढलेलं असतं. बुजणारा फिल्टर निदान सांगतो तरी. कार्बन संपला तरी पाणी तितक्याच धारेने येत राहतं, म्हणून त्याचा हिशोब आपणच ठेवावा लागतो.

हा कार्बन नेमकं काय करतो ते मी एकदा अगदी साध्या पद्धतीने पाहिलं होतं. एक वापरून झालेला कार्ट्रिज, म्हणजे फिल्टरचा बदलायचा भाग, करवतीने मधोमध कापला. आत वाळूएवढे काळे कण, एकमेकांना चिकटून गोळा झालेले. हात लावला की बोटं काळी. प्रत्येक कणाला आतून इतकी सूक्ष्म भोकं असतात की एक ग्रॅम कार्बनचा आतला पृष्ठभाग ५०० चौरस मीटरच्याही वर जातो, म्हणजे सहा बॅडमिंटन कोर्टांहून मोठा. मग एक नवा कार्ट्रिज घेऊन दोन ग्लास भरले. एका ग्लासात निळ्या शाईचे काही थेंब, दुसऱ्यात चमचाभर मीठ. शाईचं पाणी कार्ट्रिजमधून हळूहळू जाऊ दिलं तर खाली जवळजवळ रंगहीन थेंब पडू लागले. बघणाऱ्याला जादू वाटावी असं. पण मिठाचं पाणी जसं वरून ओतलं तसंच खाली आलं. विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देणारा टीडीएस मीटर बुडवला तर आकडा आधी होता जवळपास तोच.

तुमच्या दोन शाळांमधला फरक या दोन ग्लासांत आला. शाईचे रेणू कार्बनच्या भिंतींना चिकटून बसतात. क्लोरीनची कार्बनशी प्रक्रिया होऊन त्याचं क्लोराइड होतं, आणि वास जातो. काही कीटकनाशकं, पाण्याला वास आणणारी सेंद्रिय द्रव्यं हीसुद्धा कार्बन बऱ्यापैकी धरतो. पण मीठ आणि पाणी जड करणारे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार त्याच्यातून आरपार जातात. म्हणून पहिल्या शाळेत तुमची बाटली उपयोगाची होती आणि दुसऱ्या शाळेत जवळजवळ निरुपयोगी, तीच बाटली, त्याच दिवशीसुद्धा.

(टीडीएस मीटरचं इथेच सांगते. तो पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. जंतू, क्लोरीनचा वास, कीटकनाशकं यांतलं त्याला काहीच दिसत नाही. आकडा कमी आला म्हणून पाणी निर्धोक ठरत नाही आणि कार्बननंतर तो बदलला नाही म्हणून फिल्टर बिघडला असंही नाही.)

तर तुमच्यासाठी. पहिल्या शाळेचं पाणी शुद्ध करून येतं, तुमची तक्रार फक्त वासाची. घरून भरलेली साधी बाटली दिवसभर पुरत असेल तर फिल्टरची गरजच नाही, आणि मला तरी तोच मार्ग सगळ्यात चांगला वाटतो. शाळेत पुन्हा भरावी लागत असेल तर कार्बनची बाटली घ्या, ती तिथे नेमकी कामाची आहे. घेताना दुकानातच तिचे सगळे भाग हाताने सुटे करून बघा. चोच निघते का, नळी निघते का, वॉशर खाचेतून बाहेर येतो का आणि परत बसवता येतो का, तोंडातून ब्रश आणि तुमची बोटं आत जातात का. जो भाग सुटा होत नाही तिथेच पुढे तो काळा थर धरणार. कार्ट्रिज काढून ठेवला तरी बाटली वापरता आली पाहिजे. आणि नवा कार्ट्रिज सहज मिळतो का हे आधी विचारा. बाटली वर्षानुवर्षं टिकते, पण कार्ट्रिज मिळेनासा झाला की ती कपाटात पडून राहते. बाटली कशाची, याची काळजी लोक फार करतात. स्टीलची असेल तर ३०४ किंवा ३१६ दर्जाचं पोलाद चांगलं, प्लॅस्टिकची असेल तर खाली त्रिकोणात ५ आकडा असलेलं पॉलिप्रॉपिलीन किंवा बिस्फेनॉल-ए (बीपीए) हे रसायन नसलेलं ट्रायटन चालेल. त्यापलीकडे त्यात फार वेळ घालवू नका. "बीपीए नाही" हे वाक्य फक्त बाटलीच्या प्लॅस्टिकबद्दल आहे. फिल्टर काय काढतो त्याच्याशी त्याचा संबंध नाही, तरी ते वाचून लोक निश्चिंत होतात.

खोक्यावरची दुसरी गोष्ट म्हणजे टक्के. "९९.९ टक्के" वाचलं की सगळंच गेलं असं वाटतं. एका लिटरमध्ये दहा लाख जिवाणू असले आणि ९९.९ टक्के गेले, तर एक हजार उरतात. ९९.९९९९ टक्के गेले तर एक उरतो. दशांश चिन्हानंतरचे ते चार नऊ लिहायला एक बोट पुरतं, पण फिल्टरमध्ये तेवढा फरक आणायला फार कष्ट पडतात. आणि टक्के कशाचे, हे आधी शोधा. क्लोरीनचे ९९ टक्के आणि जंतूंचे ९९ टक्के यांत काही नातं नाही.

खात्री करायची तर एनएसएफ/एएनएसआय या अमेरिकी संस्थांच्या मानकाचा क्रमांक बघा. ४२ म्हणजे चव, वास आणि क्लोरीन. ५३ म्हणजे आरोग्याला अपाय करणारे पदार्थ, जसं शिसं किंवा परजीवींची कवचं, पण त्यातला नेमका कोणता पदार्थ ते तिथे लिहिलेलं असतं आणि तेवढ्यापुरतंच ते खरं. ४०१ मध्ये काही औषधांचे अंश वगैरे नवे घटक येतात. पी२३१ म्हणजे जिवाणू, विषाणू आणि परजीवी तिन्हींसाठी तपासलेलं शुद्धीकरण. ते अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९८७ मध्ये घालून दिलेल्या निकषावर उभं आहे: जिवाणू ९९.९९९९ टक्के, विषाणू ९९.९९ टक्के आणि परजीवींची कवचं ९९.९ टक्के कमी झाली पाहिजेत. तुमच्या कामाला ४२ पुरेसं आहे. आणि शब्द नीट वाचा. "या मानकानुसार तपासलेलं" म्हणजे कंपनीने कुठेतरी चाचणी करून घेतली. "प्रमाणित" म्हणजे त्रयस्थ संस्थेने प्रमाणपत्र दिलं, आणि त्या संस्थेच्या यादीत ते मॉडेल शोधून सापडतं. सापडलं नाही तर मी ती बाटली घेणार नाही.

रंगीत खडे, चुंबक, पाणी "अल्कलाइन" करणारे गोळे, "ऊर्जा देणारं पाणी" असं काही लिहिलं असेल तर ती बाटली परत फळीवर ठेवा.

झाकणात निळा दिवा असलेल्या बाटल्याही तुम्हाला दाखवतील. त्यातले यूव्ही-सी, म्हणजे अतिनील किरण, साधारण २६५ ते २८० नॅनोमीटरचे, जंतूंचा जनुकीय पदार्थ मोडतात आणि जंतूंची वाढ थांबते. तंत्र खरं आहे. पण पाणी नितळ लागतं, कारण गढूळपणाच्या कणाआड लपलेल्या जंतूवर किरण पडतच नाहीत. झाकणाच्या आट्यातल्या पाण्यावरही पडत नाहीत. क्लोरीनच्या वासाला त्याचा उपयोग नाही, क्षारांना नाही. तुमच्या चार पाण्यांपैकी एकालाही ती माझ्या मते योग्य नाही.

मुलाचं मात्र वेगळं आहे, आणि त्याचा हट्ट मला पटतो. डोंगरात दोन दिवसांचं पाणी पाठीवर वाहून नेण्यापेक्षा गाळणी बरी. त्याला कार्बनची बाटली देऊ नका, ती ओढ्याच्या पाण्यातले जंतू अडवत नाही. त्याला पोकळ तंतूंची गाळणी हवी, दुकानात तिला हॉलो फायबर म्हणतात. आत शेवयांसारख्या बारीक, पोकळ नळ्यांचा जुडगा असतो आणि प्रत्येकीच्या भिंतीला ०.१ किंवा ०.२ मायक्रॉनची छिद्रं. ई. कोलाय हा जिवाणू साधारण १ मायक्रॉन जाड आणि २ मायक्रॉन लांब, जिआर्डिया या परजीवीचं कवच ८ ते १२ मायक्रॉनचं. हे सगळे बाहेर राहतात. विषाणू मात्र फार लहान. कावीळ करणारा हिपॅटायटिस-ए चा विषाणू साधारण ०.०३ मायक्रॉनचा आहे. तो या छिद्रांतून सहज जातो.

म्हणून त्याला एक सवय लावा. पाणी भरण्याआधी वर बघायचं. ओढ्याच्या वरच्या अंगाला वस्ती आहे का, लोक उघड्यावर जातात का, तळ ठोकलेला आहे का? माणसाला होणारे हे विषाणू बहुतेक करून माणसाच्या विष्ठेतूनच पाण्यात येतात. वस्ती असेल किंवा कळत नसेल तर आधी गाळायचं आणि मग गाळलेल्या पाण्यात क्लोरीनची गोळी टाकायची. प्रमाण आणि वेळ गोळीच्या पाकिटावर लिहिल्याप्रमाणे, साधारण अर्धा तास. ही जोडी फार छान जमते. क्लोरीनला न जुमानणारा क्रिप्टोस्पोरिडियम गाळणीत अडकतो आणि गाळणीतून निसटणारे विषाणू क्लोरीनने मरतात. गोळीची कटकट नको असेल तर पी२३१ प्रमाणित, दाबून पाणी गाळणारी बाटली घ्यावी. ती जड असते आणि तिचे कार्ट्रिज लवकर संपतात, पण एकाच दाबात काम होतं.

माझा कल मात्र साध्या गाळणीकडे आणि गोळ्यांकडे आहे, आणि गाळणी अशी की जिला न गाळलेल्या पाण्याची पिशवी वेगळी असते. स्ट्रॉमध्ये फिल्टर बसवलेल्या बाटलीत ओढ्याचं पाणी बाटलीतच राहतं, आणि ती ओढ्यात बुडवून भरली की तोंड, आटे, झाकणाची कड सगळं ओलं होतं. मग फिल्टरमधून शुद्ध झालेलं पाणी पिताना ओठ लागतात ते त्या ओल्या कडेलाच. वेगळी पिशवी असली की मळकं पाणी पिशवीत, स्वच्छ पाणी बाटलीत, दोन्हींची गाठ पडत नाही. पिशवीवर मोठा लाल पट्टा मारून द्या. दमलेला मुलगा अंधारात चुकू नये.

गाळणीबरोबर पिचकारी येते. ती स्वच्छ पाण्याने भरून उलट्या दिशेने दाबली की अडकलेला गाळ बाहेर पडतो आणि धार पुन्हा मोकळी होते. पाणी गढूळ असेल तर आधी भांड्यात निवळू द्यायचं, वरचं पाणी फडक्यातून गाळून मग पिशवीत भरायचं. आणि एक गोष्ट त्याच्याकडून वदवून घ्या: ओली झालेली गाळणी गोठता कामा नये. आतल्या नळ्यांमधलं पाणी गोठून फुगलं की त्या तडकतात. बाहेरून काही दिसत नाही, उलट पाणी जास्त सहज येतं. गोठवणाऱ्या थंडीत गाळणी रात्री पिशवीत गुंडाळून अंगाशी घेऊन झोपायचं, आणि गोठल्याचा नुसता संशय आला तरी टाकून द्यायची.

साचलेल्या, हिरव्या-निळ्या तवंगाच्या पाण्याच्या वाटेला जायचं नाही. त्या शेवाळासारख्या दिसणाऱ्या जिवाणूंची विषं पाण्यात विरघळलेली असतात, त्यांना तंतूंची गाळणी थांबवत नाही. खाणीच्या किंवा फवारणी झालेल्या शेताच्या खालचं पाणीही नको.

तुम्हाला वाटेल, एवढ्याशा गाळणीवर किती भरवसा ठेवायचा. एक खरी गोष्ट सांगते, तुमच्या मुलालाही सांगा. नारूचा रोग पाण्यातल्या एका सूक्ष्म जलपिसवेतून होतो. तिच्या पोटात नारूची अळी असते आणि ती पाण्याबरोबर माणसाच्या पोटात जाते. १९८६ मध्ये आफ्रिका आणि आशियातल्या २१ देशांत मिळून वर्षाला सुमारे ३५ लाख लोकांना नारू होत असे. २०२३ मध्ये जगभरात माणसांमधले १४ रुग्ण नोंदले गेले. नारूवर लस नाही आणि तो बरा करणारं औषधही नाही. गावोगावी नजर ठेवणं, जलपिसवा मारणारं द्रव्य टाकणं यांबरोबर मोठं काम केलं ते बारीक विणीच्या कापडाने आणि गळ्यात अडकवायच्या, तोंडाशी जाळी असलेल्या नळीने. जलपिसू कापडात अडकण्याएवढी मोठी असते, म्हणून कापड पुरलं. त्याच कापडाने पटकीचे सुटे जिवाणू अडले नसते. पाण्यात काय आहे हे आधी कळलं होतं, म्हणून इतकी साधी वस्तू कामाला आली.

आता देखभाल. नवा कार्ट्रिज बसवला की पहिल्या दोन-तीन बाटल्या पाणी ओतून द्या. काळी पूड येते, ती अपायकारक नसते, पण प्यायची गरज नाही. कार्ट्रिज ज्या दिवशी बसवला ती तारीख बाटलीच्या तळाला चिकटपट्टीवर लिहा. खोक्यावर कार्ट्रिजचे लिटर दिलेले असतात. समजा १५० लिटर आहेत आणि तुम्ही बाटलीतून रोज दोन लिटर पिता, तर ७५ दिवस. १०० लिटर असतील तर ५० दिवस. तुमचे सहा महिने म्हणजे यातल्या कुठल्याही हिशोबाने दुपटीहून जास्त झाले. काही बाटल्यांत तंतूंची गाळणी हजारो लिटर चालते आणि तिच्याबरोबरचा कार्बन मात्र शंभरेक लिटरमध्ये संपतो. खोक्यावर मोठ्या अक्षरात हजारोंचा आकडा असतो, तेव्हा कार्बनचा आकडा वेगळा शोधा.

रात्री बाटली रिकामी करा. उरलेलं पाणी सकाळी पिऊ नका. चोच आणि वॉशर रोज साबणाने धुवा, आठवड्यातून एकदा सगळे भाग सुटे करून बारीक ब्रशने घासा. वॉशर खाचेतून काढायला चमच्याच्या दांड्याचं टोक चांगलं, सुईने तो फाटतो. कार्ट्रिजला साबण लावायचा नाही, गरम पाणी घालायचं नाही, आणि त्या बाटलीत सरबत, दूध, कॉफी काहीही नाही. साखर आत गेली की तो थर महिन्यांऐवजी दिवसांत धरतो. सुट्टीत बाटली बंद राहणार असेल तर कार्ट्रिज काढून, बाटली कोरडी करून, झाकण उघडं ठेवा. ओला कार्ट्रिज महिनाभर कपाटात राहिला असेल तर तो टाका, मन घट्ट करून टाका.

तुमची सध्याची बाटली फेकू नका. कार्ट्रिज टाका, चोच आणि नळी बदलून मिळत असेल तर बदला. बाटलीत गरम पाणी आणि खायचा सोडा घालून रात्रभर ठेवा, सकाळी घासा, उन्हात वाळवा. वास गेला तर ती वापरायला हरकत नाही. नाही गेला तर मात्र नवी घ्या.

शेवटचं पाणी राहिलं, बोअरचं, आणि खरं तर तुमचं पत्र वाचल्यापासून मी त्याचाच विचार करते आहे. भांड्यावरचा पांढरा थर कॅल्शियम-मॅग्नेशियमचा, मचूळ चव क्षारांची. त्याने चहा बिघडेल, साबणाला फेस येणार नाही, पण माझी काळजी ती नाही. जमिनीखालच्या पाण्यात नायट्रेट, फ्लोराइड किंवा आर्सेनिक असू शकतं, आणि त्याला ना चव, ना रंग, ना वास. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मर्यादा लिटरमागे अशा आहेत: नायट्रेट ५० मिलिग्रॅम, फ्लोराइड १.५ मिलिग्रॅम, आर्सेनिक ०.०१ मिलिग्रॅम. तुम्ही जी बाटली घ्याल ती यांतलं काही भरवशाने काढणार नाही. उकळूनही जात नाही, उलट वाफ गेल्यावर उरलेल्या पाण्यात प्रमाण थोडं वाढतं. त्या दोन दिवशी तुम्ही घरून पाणी न्या. वडिलांसाठी तर ते पाणी उकळूनही वापरू नका.

पण बाई, तुम्ही आठवड्यातले दोन दिवस तिथे असता. मुलं रोज असतात. फ्लोराइड जास्त असेल तर त्यांच्या वाढत्या दातांवर आणि हाडांवर ते वर्षानुवर्षं काम करत राहतं. त्या मुलांपैकी काहींच्या दातांवर पांढरट किंवा तपकिरी ठिपके, आडवे पट्टे दिसतात का, एकदा नीट बघा. मुख्याध्यापकांना सांगून पाण्याची तपासणी करून घ्या. जंतूंसाठी वेगळी, निर्जंतुक केलेली बाटली प्रयोगशाळाच देते, ती आतून धुवायची नाही आणि झाकणाला आतून बोट लावायचं नाही. नमुना बर्फात ठेवून लवकरात लवकर पोचवायचा. रासायनिक तपासणीत ही तिन्ही नावं स्वतः लिहून मागा, कारण नेहमीच्या तपासणीत आर्सेनिक बऱ्याचदा नसतं. अहवाल आला की त्यातले आकडे मला कळवा. त्या शाळेला काय बसवावं लागेल ते आपण आकडे बघून ठरवू.